चढाचं पाणी

म्हैसाळच्या पंपघरात माझी रात्रपाळी असते.
खाली कृष्णा, अंधारात, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी,
नुसतं नाक वर.
इलियास मुजावर बटण दाबतो
आणि जमीन आधी तळव्यांना सांगते,
मग कानांना.

पाणी उताराला लागतं, हे आम्ही शाळेत शिकलो.
इथं ते चढाला लागतं.
टप्प्याटप्प्याला दम खात,
गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं
आरग, बेडग, सलगरे मागं टाकत
डफळापूरच्या तळ्यात एकदाचं उतरतं.
पुढं फेस, पाला आणि कुणाची तरी चप्पल.
तळ्याकाठची पोरं चपलेलाही ओरडून या म्हणतात.
डफळापूर आमचं गाव.

वीज कुठली, हे तिथं कुणी विचारत नाही.
मीही विचारलं नव्हतं,
वैजयंताला चंद्रपूरला दिली तोवर.
तिचे मालक राखेच्या विभागात.
फोनवर सांगते, "दादा, कढीपत्ता तीनदा धुते
तरी पाणी काळंच.
ह्यांची बनियन मी पांढरी म्हणून आणते,
पुढचं ती बनियनच ठरवते."
हसते. मग खोकते.
मी म्हणतो, डॉक्टरला दाखवलंस?
ती म्हणते, वर पाणी सुटलं का?

नव्या मगदूम मॅडमनी परवा
लॉगबुकाच्या मागच्या पानावर हिशोब मांडला:
युनिटामागं पाऊण किलोच्या आसपास,
गुणिले एक रात्र.
उत्तर वाघिणींत आलं.
चंद्रपूरला खऱ्या वाघिणीही आहेत,
माणूस दिसला तर बहुतेकदा वाट सोडतात.
या रुळावरच्या सोडत नाहीत.
मॅडमनी पान फाडलं, घडी केली,
आणि फेकायचं कुठं ते न सुचून
पर्समध्ये ठेवलं.

भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वर वीतभर,
एकोणीस सालच्या ऑगस्टची रेघ आहे.
गेरूनं आखलेली नाही, गाळानं.
ज्या नदीला आम्ही वर ढकलत होतो
ती आपणहून चढून आली, विजेशिवाय.
आठ दिवस मोटारी पाण्याखाली,
आणि आम्ही छतावरून बघत होतो
आमचंच काम, फुकटात झालेलं.
हवा तापली की ढग जास्त पाणी धरतो, मॅडम म्हणतात,
आणि धरलेलं एकदम टाकतो.
वर दुष्काळ, खाली पूर,
मधे आमचा नळ.

इलियास म्हणतो, दोनशे वर्षं ज्यांनी जाळला
ते आता आपल्या चुलीत वाकून बघतात.
खरं आहे.
पण कुणी जास्त जाळला ते विचारून
रेघ कुणाच्या भिंतीवर थांबलेली नाही.

कालव्यावर सौर पत्रे टाकणार म्हणे.
टाकावेत. मी स्वतः खांदा देईन.
तोवर थांबशील का, हे अजून
कुणी तळ्याला विचारलेलं नाही.

तीन वाजता फोन येतो: दुसरा पंप घ्या.
मी रेघेखाली उभा राहून बटण दाबतो.
राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला
एक भट्टी घास घेते,
वैजयंता झोपेत कूस बदलत असेल, किंवा नसेल.

उजाडलं की आई तळ्यावर धुणं नेईल.
धोतरं पांढरीफेक निघतील.
मला ते बघवत नाही असं लिहिलं होतं,
खोडलं.
बघवतं. थांबून बघतो.